दिवेलागणीला मागितलेलं विरजण

पुसेगावच्या मंजुळाबाईला माणसं ओळखायची एकच परीक्षा ठाऊक होती. विरजण मागायचं. सासरी आल्यापासून तिनं अख्खं गाव त्या परीक्षेला बसवलं होतं आणि निम्मं गाव नापास करून ठेवलं होतं. वाटी बघून जी बाई उंबऱ्याबाहेर येते, विरजण घालते आणि वर "काल काहून नासलं गं तुझं?" असं विचारते, ती पास. जी मुकाट्यानं घालते, ती काठावर पास. आणि जी आतूनच "आमचंच आंबट झालंय" म्हणते, तिच्याकडे मंजुळाबाई मयतीलासुद्धा सावकाश जायची.

तर दुसरी जागतिक लढाई सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याला, संतरामला, हिंगोलीच्या एका जिनिंगमध्ये काम लागलं. कापसाच्या गाड्या आल्या की तोलून घ्यायच्या. थोरला भाऊ माणिकराव शेत बघायला होताच, म्हणून संतरामनं बिऱ्हाड हिंगोलीला न्यायचं ठरवलं. माणिकरावाला त्याचं काही नव्हतं. त्याचं सगळं लक्ष संतरामच्या पोरीवर, अनुसूयावर होतं. पोर नऊ वर्षांची, आणि शिरड शहापूरचं एक स्थळ त्याच्या डोक्यात बसलं होतं.

"पोरगा सोन्यासारखा हाय," तो ओसरीवर बसून सांगायचा. "घरी दोन बैलजोड्या."

आता थोरल्या दिरापुढं बोलायची रीत नव्हती. पदर पुढं ओढायचा आणि गप बसायचं. मंजुळाबाई पदर पुढं ओढायची खरी, पण गप बसणं तिच्यात देवानं घातलंच नव्हतं. मग ती जात्याशी बोलायची.

"जात्या, बाबा, ज्यांना बैलजोड्या आवडल्यात त्यांनी बैलांशीच सोयरीक करावी म्हणावं," ती दळता दळता म्हणायची. "मी नवव्या वर्षी या घरात आले तवा मला परकराची नाडी बांधता येत नव्हती. माझी लेक शाळेत जाईल."

माणिकरावही तिच्याशी थेट बोलत नसे. तो छपराच्या आढ्याकडं बघायचा. "धाकलीला सांगा, शाळेत जाऊन काय तहसीलदारीण व्हणार हाय का?"

"जात्या, तहसीलदारीण न्हाई झाली तरी चालंल. पण शाळेतली पोर मागायला लोक बिचकतेत, हे तर खरं हाय ना?"

माणिकरावानं आढ्याकडंच बघत निकाल दिला. हिंगोलीत पोरगी शाळेत बसली तर तो स्थळाचं नाव काढणार नाही. घरी बसलेली दिसली, तर पाडवा झाला की तो तिला घेऊन जाईल. संतरामनं मान डोलावली. संतराम कुणाच्याही बोलण्याला मान डोलवायचा.

म्हणून आळी आणि शाळा मंजुळाबाई स्वतः बघून येणार होती. पण निघायच्या आधी तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय भोपळ्यासारखा सुजला. कामावर हजर व्हायचा दिवस तर पुढं ढकलता येत नव्हता. मग तिनं नाइलाजानं संतरामच्या हातात पितळेची वाटी दिली.

"हे बघा, तुमच्या जिनिंगातला तो ग्यानबा म्हणतो तशा दोन जागा हाईत. एक मारुतीच्या देवळामागची आळी, दुसरी जुन्या पल्टनीकडची लाइन. दोन्हीकडं जायचं. घर बघू नका, घराला काय, भिंती असतेतच. विरजण मागा."

"मी?" संतराम म्हणाला. "बापई माणूस विरजण मागतो काय?"

"बायकोनं पाठवलं म्हणा. पाठवलंच हाय. जिथं वाटी भरंल तिथं खोली ठरवा. अन् शाळा जवळ पाहिजे, ते इसरू नका."

संतराम वाटी सदऱ्याच्या खिशात घालून गाडीत बसला. दोन दिवसांनी परत आला तो सासरहून हाकललेल्या जावयासारखा.

"ती देवळामागची आळी म्हंजे माणसं न्हाईत, दगडं हाईत," तो सांगू लागला. "पहिल्या दारी बाईनं वाटी बघितली अन् दार लावलं. दुसऱ्या दारीही लावलं. तिसऱ्या दारी एका म्हातारीनं माझ्यावर तांब्याभर पाणी फेकलं अन् आवाज देऊन अख्खी आळी गोळा केली. मी पळालो म्हणून वाचलो."

"अन् पल्टनीकडं?"

संतरामचा चेहरा उजळला. "तिथं रूपसिंग म्हणून उत्तरेकडला परदेशी हाय. देवमाणूस! वाटी बघून हसला, म्हणला, 'इतनेसे में क्या होगा भैया,' अन् गडूभर दही दिलं. मी तिथंच खाल्लं. त्याचीच पुढची खोली ठरवली."

"शाळा?"

"अगदी समोर. खोलीच्या दारातून दिसती."

मंजुळाबाई खूश झाली. परीक्षेचा निकाल इतका चोख कधी लागला नव्हता. एका आळीत तिन्ही दारं नापास, दुसरीकडं पहिल्याच दारी गडूभर. पाय बरा होताच बिऱ्हाड गाडीत घालून ती हिंगोलीला आली आणि दुसऱ्या दिवशी अनुसूयाची वेणी घालून, हाताला धरून समोरच्या शाळेत गेली.

शाळा होती. मास्तर होते, फळा होता, छडीही होती. पण शाळा उर्दू होती आणि सगळी पोरंच पोरं होती. मास्तर भला माणूस. तो हात जोडून म्हणाला, "बाई, ही लडक्यांची शाळा आहे. मुलीला इथं कुठं बसवू?"

मंजुळाबाई घरी आली आणि संतरामची वाट बघत दारात बसली.

"शाळा हाय का इचारलंत. कुणाची हाय ते इचारलंत का?"

"तू म्हणली, जवळ पाहिजे," संतराम म्हणाला. "जवळ हाय."

यावर बायकोनं काय बोलायचं? त्या दिवशी तिनं भाजीत मीठ घातलं नाही.

पोरींना मराठी शिकवायचं एकच ठिकाण असल्याचं चौकशीत कळलं. सूर्यकांत गुरुजी नावाचा तरणा माणूस आपल्या आत्याच्या ओसरीवर पोरींना बसवायचा. आत्या म्हणजे देवळाच्या गुरवाची विधवा, द्वारकाबाई. आणि ती ओसरी होती मारुतीच्या देवळामागच्या आळीत, त्या दगडांच्यात.

"तांब्या फेकणारी म्हातारी कोणत्या घरात राहती?" मंजुळाबाईनं विचारलं.

"देवळाला लागून. ओसरीवाल्या," संतराम म्हणाला.

आता हसावं की रडावं? दिवस असेच चालले. अनुसूया घरी बसून सागरगोटे खेळायची, आणि पाडवा जवळ येत चालला. त्यातच रूपसिंगची बायको गेंदाबाई माहेराहून परत आली. बाई मोठ्या आवाजाची. आल्या आल्या गोठ्यात गेली आणि तिथूनच ओरडली, "गाय दूध कमी क्यों देती?"

रूपसिंग डोकं खाजवत बाहेर आला. "पता नहीं. तू गेलीस तवापासून आटली."

"घरातून काही दिलं का कुणाला? दियाबत्ती के टैम?"

"किसको देंगे? एकदा त्या संतरामला दही दिलं होतं..."

"शाम को?"

"हां, दिया लगा था. मैंनेच लगाया था."

गेंदाबाईनं जो सूर लावला तो पार बाजारापर्यंत गेला असेल. दिवे लागल्यावर घरातलं दूध, दही, विरजण, मीठ कुणाला देत नाहीत, लक्ष्मी बाहेर जाते, हे परदेशिणीलाही ठाऊक आणि पुसेगावच्या पोरीलाही. ठाऊक नसतं ते फक्त बाप्यांना. त्यांच्या ताटात दही कुठून येतं हेच त्यांना ठाऊक नसतं, तर ते कधी द्यावं हे कुठून असणार?

इकडं भिंतीआड मंजुळाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर जळली. संध्याकाळी संतराम आला तशी तिनं त्याला समोर बसवलं.

"त्या दिवशी तुमी देवळामागं किती वाजता गेलात?"

"वाजता? गाडीतून उतरलो, ग्यानबा भेटला. त्यानं भजी खाऊ घातली. मग चहा. मग गेलो."

"दिवे लागले व्हते?"

"व्हय. नाहीतर दारं कशी दिसली असती मला?"

मंजुळाबाईनं कपाळाला हात लावला. परीक्षा चुकली नव्हती. पेपर द्यायला गेलेला माणूस चुकला होता. दिवेलागणीला परका बापई, हातात रिकामी वाटी, दारोदार विरजण मागतोय. तिच्या स्वतःच्या दारी असा कुणी आला असता तर तिनं तांब्या नाही, अख्खी घागर फेकली असती. त्या आळीनं संतरामला भानामतीवाला समजलं होतं आणि त्यात आळीची काही चूक नव्हती. उलट तिच्या हिशेबानं सगळी आळी पहिल्या नंबरानं पास झाली होती. नापास झाला होता रूपसिंग.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं ऊन पडल्यावर, ती निघाली. डोक्यावर घट्ट दह्याचं मडकं, एका हाताला अनुसूया. मागून संतराम चालला होता, बळीच्या बकऱ्यासारखा.

"मला काहून नेऊन राहिली?" तो विचारत होता. "मारतील ना मला."

"मारू द्या थोडं. लेकीसाठी बापानं एवढं करावं."

आळीत शिरताच नळाशी उभी असलेली एक बाई किंचाळली, "अगं, त्यो बघा! वाटीवाला!" दारं उघडली. बायका बाहेर आल्या, पण उंबऱ्याच्या पुढं कुणी येईना. द्वारकाबाई मात्र ओसरीवरून खाली उतरली, तांब्या हातात घेऊनच. वर पोरी पाढे म्हणत होत्या, त्या थांबल्या.

"काहून आलास रे मुडद्या? दिवसाढवळ्या?"

मंजुळाबाईनं मडकं खाली ठेवलं. "आजी, हा माझा मालक. त्या दिवशी मीच पाठवलं व्हतं, विरजण मागायला. माणसं पारखायला."

"दिवेलागणीला?"

"दुपारीच पाठवलं व्हतं. हा भजी खात बसला."

एक-दोन बायका तोंडावर पदर धरून हसल्या. द्वारकाबाई हसली नाही. "असं कुणीही म्हणंल. भानामतीवाले काय कपाळावर लिहून फिरतेत? अन् आता पोर घेऊन आलीस, ती कशाला?"

"तुमच्या ओसरीवर बसवायला. गुरुजींपाशी."

आळीत कुजबुज झाली. आमच्या पोरींच्या शेजारी भानामतीवाल्याची पोर? गुरुजी ओसरीच्या कडेला येऊन उभा राहिला, पण आत्यापुढं बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती. अनुसूयानं आईचा पदर घट्ट धरला. इथून परत गेलं की शिरड शहापूर.

"आजी," ती म्हणाली, "याला भानामती काय येईल? याला बैलाला कासरा बराबर बांधता येत न्हाई. तुमीच इचारून बघा."

द्वारकाबाईनं संतरामला खालून वर न्याहाळलं. मग म्हणाली, "इकडं ये रे. सांग मला. दिवे लागल्यावर घरातून काय काय देत न्हाईत?"

सगळी आळी कान देऊन उभी. भानामतीवाल्याला हे तोंडपाठ असणार. जे देत नाहीत तेच तर तो मागतो. संतरामनं घाम पुसला. बायकोकडं बघितलं, बायकोनं दुसरीकडं बघितलं.

"रॉकेल," तो म्हणाला.

"आणखी?"

"आणखी... जावई?"

नळाशी उभी असलेली बाई खाली बसली. हसून हसून तिला उभं राहवेना.

"अरे, विरजण देत असतेत का?"

"देत असतील," संतराम म्हणाला. "मला तर रूपसिंगनं गडूभर दिलं."

आता द्वारकाबाईचाही तांब्या हलायला लागला. पाणी तिच्याच पायावर सांडलं. "जा गं बाई," ती डोळे पुसत मंजुळाबाईला म्हणाली, "तुझ्या मालकाला भानामतीच काय, काहीच येत न्हाई. पोरीला आण आत. बापावर गेली नसंल तर शिकंल."

अनुसूया ओसरीवर चढली आणि पोरींच्या रांगेत शेवटी बसली. पाढे पुन्हा सुरू झाले. मंजुळाबाईनं आळीतल्या प्रत्येक घरी दही वाटलं, दिवसाउजेडी. प्रत्येक घरातून मडक्यात काही ना काही परत आलं.

त्याच आळीत खोली मिळत होती, पण तिनं रूपसिंगची खोली सोडली नाही. गेंदाबाईशी तिचं जमलं होतं, दोघींना नवऱ्यांविषयी बोलायला भरपूर होतं. रूपसिंग सकाळी बाजारात जाताना अनुसूयाला ओसरीपर्यंत पोचवायचा. दह्याचं प्रायश्चित्त म्हणून गेंदाबाईनं त्याला ते काम लावलं होतं.

पाडवा झाला आणि माणिकराव आला. गाडी उशिरा पोचली, दिवे नुकतेच लागले होते. तो खाटेवर बसला, पाणी प्याला आणि आढ्याकडं बघू लागला. "पोरीला घेऊन जातो म्हणावं. पाव्हणे बघायला येऊन राहिलेत."

संतरामनं सवयीनं मान डोलावली. मंजुळाबाई दाराआड उभी होती. इथं जातं नव्हतं, ते पुसेगावलाच राहिलं होतं. म्हणून ती दिव्याशी बोलली.

"दिव्या, बाबा, मोठ्या धन्यांना सांग. दिवे लागल्यावर घरातलं कुणालाबी काही देत न्हाईत."

माणिकराव गोंधळला. "मग सकाळी नेतो."

"सकाळी तिची शाळा असती," मंजुळाबाई दिव्याला म्हणाली आणि वात जरा पुढं सारली.