बासुंदीच्या माथी मारलेलं पाप

केडगावच्या एका मंगल कार्यालयात मी मॅनेजर होतो, तेव्हाची गोष्ट. आठवलं तरी आजही डोकं फिरतं.

एका लग्नात निम्मं वऱ्हाड उलट्या-जुलाबांनी आडवं झालं. कारण सरळ होतं, पाण्याची टाकी. "टाकी धुऊन घ्या," असं मी मालकांना तीनदा सांगितलं होतं. "सीझन तर संपू द्या की," हे त्यांचं उत्तर. मालकांना निवडणुकीला उभं राहायचं होतं, मग लोकांच्या पोटापेक्षा नाव मोठं!

दुसऱ्याच दिवशी पुण्याहून एक गृहस्थ आले. पुढाऱ्यांची प्रतिमा सांभाळणं हा म्हणे त्यांचा धंदा. चहा पितापिता ते म्हणाले, "टाकीचा विषयच काढायचा नाही. लोकांना दुसरं नाव द्या, तेच धरून बसतील."

नाव ठरलं आचारी मावशींचं. काष्टीच्या विधवा बाई, तालुक्यातली लग्नं त्यांच्या हातच्या चवीवर चालायची. खुलासा तयार झाला: 'बाहेरून आलेल्या काष्टीच्या आचारी बाईंच्या बासुंदीमुळे प्रकार घडला, कार्यालयाचा संबंध नाही.' खाली सही मॅनेजरची. मालक कसले बिलंदर, स्वतःचं नाव कुठं येऊच दिलं नाही! आणि मी? नोकरीपायी मुकाट्यानं सही ठोकली. लाज वाटते सांगायला.

खुलासा गावोगावच्या ग्रुपवर फिरला. चार दिवसांत मावशींच्या सगळ्या ऑर्डरी रद्द झाल्या. त्या थेट माझ्या टेबलापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, पंगत उठल्यावर माझ्याम्होरं बसून तुमी दोन वाट्या बासुंदी खाल्ली. तुमाला काय झालं का?"

"नाही."

"मंग?"

त्यांची नजर माझ्या टेबलाशेजारच्या विकतच्या पाण्याच्या जारवर गेली.

"म्हंजे तुमाला ठावं हुतं," एवढंच त्या म्हणाल्या.

होतंच की! पाहुण्यांची लेकरं टाकीचं पाणी पीत होती आणि मी स्वतःपुरता जार मागवत होतो. त्याच दुपारी मी त्याच ग्रुपवर खरं काय ते लिहून टाकलं. संध्याकाळी नोकरी गेली. गेली तर गेली! पण खोटा खुलासा धडाधड पुढं पाठवणाऱ्यांपैकी एकानंही खरा पाठवला नाही.

मावशी आता काष्टीच्या बाजारात भजी तळतात. परवा मी तिथंच उभा होतो. एक माणूस गाड्याजवळ आला, मावशींकडं बघून थबकला आणि बायकोला हळूच म्हणाला, "हितं नको. ती बासुंदीवाली हीच."