डावी पाकळी

आईच्या पोटात गाठ निघाली. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीच्या आत काढून टाका, त्यापुढे थांबू नका. आई म्हणाली, "आधी देवीला विचारू." मी साजगावच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर रसायनं तपासायची आणि घरी ही तऱ्हा. मी वाद घातला, रडले, अबोला धरून पाहिला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाली.

देवी तिच्या माहेरची. पोशीरच्या पलीकडे, रानातल्या पडक्या देवळात. देऊळ कधीचं ते कुणालाच ठाऊक नाही. छप्पर गेलंय, खांब आडवे पडलेत, नंदीला डोकं नाही. गाभारा तेवढा उभा आहे आणि आत शिळेत कोरलेली देवी. अलीकडे रविवारी तिथे मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. खांबांवर चढून फोटो, गाणी, चिप्सची पाकिटं. "त्या गोंगाटात देवी काय बोलंल?" मामा म्हणाले. म्हणून देवीचा वार धरला, मंगळवार, आणि तोही उजाडता उजाडता.

कौल लावायची रीत साधी. झेंडूची एक पाकळी ओली करून देवीच्या उजव्या खांद्यावर चिकटवायची, एक डाव्या. प्रश्न मनात धरायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आई नकार मिळाला तर ऑपरेशन करणार नव्हती, हे तिने मला स्वच्छ सांगितलं होतं. चढावर मामांनी आणखी एक भर घातली. "मधीच परकं मानूस आत आलं तर कौल मोडतो गं. मंग वरीसभर इचारायचा नाय."

वर्षभर! डॉक्टरांची मुदत तर दिवाळीची होती. गवत कमरेएवढं होतं आणि मामा पुढे काठी आपटत चालले होते, सापासाठी. एरवी मी सापाच्या नावाने ओरडते. त्या दिवशी साप डोक्यातही आला नाही.

गाभाऱ्यात वटवाघळांचा उग्र वास होता. मामांनी दिवा लावला, गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या चिकटवल्या. आईने हात जोडून डोळे मिटले. मग मला दिसलं की डावीकडची भिंत फुटलेली आहे. वारा तिकडूनच येत होता. डावी पाकळी आधी वाळणार होती. वाळली की सुटणार, पडणार. यात देवीचा काही संबंध नव्हता, आणि हे त्या दोघांना सांगून काहीही उपयोग नव्हता.

तेवढ्यात खालून गाण्याचा आवाज आला. पाठोपाठ हसणं. त्या मंगळवारी कसलीशी सुट्टी होती आणि आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. "आले वाटतं," म्हणत मामा उठले आणि लावलेल्या दारासारखे बाहेर जाऊन उभे राहिले. "पाच मिनटं थांबा, बाबांनो," ते कुणालातरी विनवत होते.

डाव्या पाकळीची कड उचलली गेली. मी तिच्या अगदी जवळ उभी होते. आईचे डोळे मिटलेले. बोटाने जरा दाबली असती तर पुरलं असतं. पण माझा हात वर होईना. देवीबिवी काही नसते म्हणणारी मी, तिच्या खांद्याला बोट लावायला घाबरले.

पाकळी पडली. डावी.

आईने डोळे उघडले. तिने खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"काय झालं गं?" मामांनी बाहेरून विचारलं.

"डावी पडली, दादा."

मामांनी वळून आत पाहिलं.

"मी इचारलं व्हतं, ऑपरेशनबिगर घरीच ऱ्हाऊ का? देवी नाय म्हनली," आई म्हणाली. "करून टाकू ऑपरेशन."

मामांनी सुस्कारा सोडला आणि दारातून बाजूला झाले. पोरंपोरी आत घुसली. एक मुलगी मला म्हणाली, काकी, जरा सरकता का, फोटोत येताय. मी सरकले. मी त्या पोरीचा मुकासुद्धा घेतला असता, इतकी मी सुटले होते.

उतारावर मामा पुढे निघून गेले. मी आईचा हात धरला. "असा उलटा प्रश्न कुणी विचारतं का? जीव गेला असता माझा."

आम्ही शेताच्या बांधावर आलो. भाताला लोंब्या आल्या होत्या. तिने उगाच एक हातात घेऊन पाहिली.

"सरळच इचारला व्हता," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी जागच्या जागी उभी राहिले.

"देवीचा राग सोसंन मी. तुझं तोंड बघवलं नाय गं. दादाला सांगू नको."

तोवर मी एकाच गोष्टीला भीत होते, ऑपरेशन होणार नाही याला. आता ते होणार होतं आणि पहिल्यांदा मला त्याची भीती वाटली. आई बांधावरून पुढे निघाली होती, पदर खोचून, नेहमीसारखी भराभर. देवीचा शब्द मोडून ती माझ्यासाठी चालली होती. तिला थांब म्हणणं शक्य नव्हतं, आणि चल म्हणायचीही माझी छाती होईना.