समोरच्याचा दिवस

बाळारामशेठ आपलं भांड्यांचं दुकान एक दिवसाआड उघडत. विषम तारखेला शटर वर, सम तारखेला खाली. करोनाचे सगळे निर्बंध उठले, मास्क खुंटीवरून कचऱ्यात गेले, आमच्या प्रभाग कार्यालयातल्या भिंतीवरचे नियमांचे कागद फाटून गेले, तरी त्यांचा हा क्रम मोडला नाही. सम तारखेलाही ते कोन गावाहून वेळेवर येत, स्कूटर लावत आणि स्वतःच्या बंद दुकानाच्या पायरीवर समोरच्या बंद दुकानाकडे तोंड करून बसत. गिऱ्हाईक आलं की म्हणत, "आज माझा न्हाय, त्याचा दिस हाय. उद्या या."

समोरचं दुकान हनीफभाईंचं. तेही भांड्यांचंच. हनीफभाई तेव्हा हयात नव्हते.

मी भिवंडी महापालिकेच्या परवाना विभागात लिपिक आहे. टेमघरच्या त्या गल्लीत माझं जाणंयेणं पंचवीस वर्षांचं. गल्ली इतकी अरुंद की या दुकानातून त्या दुकानात सुट्टे पैसे फेकून देता येत. मागे यंत्रमागाचे कारखाने. लूमच्या खडखडाटात ओरडूनच बोलायला लागायचं, आणि या दोघांना तर ओरडायला निमित्तच हवं असायचं. बाळारामशेठ एखाद्या बाईला हंडा दाखवत असले की पलीकडून हाक यायची, "बाला, सच बता उनको! तेरे हंडे में से आसमान दिखता है!" शेठ हंडा खाली न ठेवताच उत्तर द्यायचे, "आन तुझ्या टोपात डाळ शिजत न्हाय, नुसती कुढते!" गिऱ्हाइकाला वाटायचं आता मारामारी होणार. दुपारी दोघं एकाच डब्यातली भाकरी खाताना दिसायचे.

शेठ भांड्यांवर नावं फार सुंदर घालत. लग्नाच्या भांड्यांवर विजेच्या मशीनने झरझर घालत. पण कुणाच्या स्मरणार्थ वाटायचे पेले असले तर मशीन बाजूला ठेवून छिन्नी-हातोडी घेत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "मशीन गुदगुल्या करते, सायेब. मेल्या माणसाला गुदगुल्या कशाला?" हे बोलताना ते हसत नव्हते. हनीफभाई समोरून ओरडले, "इसका नाम मैं डालूँगा, मशीन से ही डालूँगा!"

मग टाळेबंदी आली आणि लूम थांबले. भिवंडीतल्या माणसाला शांतता कशी असते ते ठाऊक नव्हतं. आम्ही त्या शांततेतही ओरडूनच बोलत होतो. दोन माणसं हातभर अंतरावर उभी राहून एकमेकांवर ओरडत आहेत आणि बाकी सगळा रस्ता मुका, हे मी रोज पाहिलं आहे. आपला आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला की माणसं दचकून मागे बघत.

काही महिन्यांनी दुकानं उघडायला परवानगी मिळाली ती सम-विषमची. रस्त्याची एक बाजू विषम तारखेला, दुसरी सम तारखेला. आमच्या प्रभागातल्या बाजू ठरवून तक्ता तयार करायचं काम माझं होतं. बाळारामशेठ विषम झाले, हनीफभाई सम. ज्या दिवशी एकाचं शटर वर, त्या दिवशी दुसऱ्याचं खाली. भांडायला समोर कुणी उरलं नाही. शेठ म्हणाले, "सायेब, तुम्ही आमचा धंदा अर्धा केलात ते ठीक हाय. पन तोंड पन अर्धा केलात." शेवटी ते आपल्या बंदच्या दिवशीही येऊन पायरीवर बसू लागले, हनीफभाईही तसंच करू लागले. ज्याचं दुकान उघडं, त्याच्या मालाला दुसऱ्याने पायरीवरून नावं ठेवायची.

तक्त्यात एक गफलत होती. ती आधी माझ्या लक्षात आली नव्हती आणि लक्षात आली तेव्हा मी ती दुरुस्त केली नाही. महिना एकतीस दिवसांचा असला की एकतीस आणि एक, दोन्ही तारखा विषम. म्हणजे एका बाजूला लागोपाठ दोन दिवस. हनीफभाईंनी एकतीस तारखेला संध्याकाळी पायरीवरून आवाज दिला, "कल फिर तू? ये कौन सा इन्साफ है?" शेठ म्हणाले, "मग तू उघड. उद्याचा दिस तुझा. मी बंद ठेवतो."

आणि त्यांनी तसं केलं. एक तारखेच्या सकाळीच कुणीतरी तक्रार केली. मी पथकासोबत गल्लीत गेलो तेव्हा शेठचं दुकान बंद होतं आणि हनीफभाईंचं उघडं. शेठ पायरीवरून उठून आडवे आले.

"एकच उघडं हाय ना? गर्दी तेवढीच ना? मीच त्याला सांगितला उघड म्हनून."

"तक्त्यात आज तुमची बाजू आहे, शेठ."

"तक्ता कोनी बनवला?"

त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. ते पटलेलं असताना मी हनीफभाईंच्या शटरवर सीलचा कागद चिकटवला, सही केली आणि फोटो काढून घेतला. हनीफभाई ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "साहब, कब खुलेगा?" मी म्हणालो, दंड भरून अर्ज द्या, दोन-तीन दिवसांत होईल. त्यांनी अर्ज दिला. आमचे अधिकारी आजारी पडले, कार्यालय निम्मं बंद झालं आणि अर्ज माझ्या टेबलावर राहिला. वरच्या मजल्यावर जाऊन दुसऱ्या साहेबांची सही आणता आली असती. तिथे रुग्ण सापडले होते. मी घाबरलो, गेलो नाही. सील असतानाच हनीफभाईंना ताप आला आणि ते इस्पितळातून परतले नाहीत. कागद काढायला मीच गेलो. शटरला कुलूप तसंच राहिलं. त्यांची बायको मालेगावला भावाकडे निघून गेली होती, मूलबाळ नव्हतं. आतला माल आतच राहिला.

निर्बंध उठल्यावर गल्लीतली सगळी दुकानं रोज उघडू लागली. बाळारामशेठचं मात्र एक दिवसाआडच. मी समजावायला गेलो तेव्हा म्हणाले, "मानूस गेला म्हनून त्याचा दिस जात न्हाय. तो कुठं जाईल? तुमीच दिलेला हाय त्याला."

सम तारखेला ते पायरीवरून समोर ओरडत. एखादा भाव सांगत, मग थांबत, मान कलती करून ऐकत आणि हसून शिवी घालत. लूम पुन्हा सुरू झाले होते, त्या आवाजात बाकीच्यांना काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. लोकांनी त्यांना वेडं ठरवलं नाही, पण सम तारखेला त्या दोन दुकानांच्या मधून जायचं टाळू लागले. मीसुद्धा वळसा घालून जात असे.

एका विषम तारखेला मी दुकानात बसलो होतो. अकलोलीहून एक बाई मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला आल्या होत्या. घासाघीस करता करता म्हणाल्या, "काल समोरचा चाचा तर हाच हंडा पन्नासनं कमी देत व्हता."

मी चहाचा कप खाली ठेवून समोरच्या कुलपाकडे बघितलं. शेठ मात्र नाराज होऊन म्हणाले, "पन्नास? लबाड हाय तो. त्याचा पत्रा बघा आधी." आणि त्यांनी साठ रुपये कमी केले. गिऱ्हाइकं अशा थापा मारतातच, हे मला कळतं. तरी बाई निघाल्यावर मी मागे धावलो आणि विचारलं, "काल नक्की कोण भेटलं तुम्हाला?" त्यांनी समोरच्या शटरकडे बघितलं, पदर सावरला आणि रिक्षात बसल्या.

निम्मे दिवस बंद असलेलं दुकान किती तग धरणार? घाऊक व्यापाऱ्याने माल थांबवला. जागेचा मालक तिथे कुरियरचं गोडाऊन करायला निघाला. शेठचा मुलगा दुसऱ्या एका गोडाऊनमध्ये शिफ्टवर जायचा. दुकानाची खरी ओढ सुनेला, सुनीताला होती. नावं घालायचं काम तिने सासऱ्याकडून शिकून घेतलं होतं. छोट्या दुकानदारांना उभारी देण्यासाठी कर्जाची योजना निघाली, तेव्हा ती माझ्याकडे आली. "काका, हे कर्ज न्हाय मिळालं तर दुकान जाईल. दुकान गेलं तर मामा जगायचे न्हाईत."

मी सगळी कागदपत्रं केली. मला ते करायलाच हवं होतं. आता बँकेच्या अधिकाऱ्याने येऊन चालू दुकान प्रत्यक्ष बघायचं, एवढंच उरलं. ही भेट मी मुद्दाम विषम तारखेला ठरवली. त्या दिवशी अधिकाऱ्यांना दुसरं काम निघालं. ते फोनवर म्हणाले, "उद्या सकाळी येतो. बंद दिसलं तर प्रकरण नामंजूर होईल, पुन्हा येणं जमणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा शेठ पायरीवर बसले होते, शटर खाली, किल्ल्या खिशात. सुनीता बाजूला उभी, डोळे रडून लाल. अधिकारी नाक्यावर आल्याचा फोन येऊन गेला होता.

"शेठ, आजचा एक दिवस," मी म्हणालो. "अर्धा तास. पाया पडतो."

"माझ्या पाया पडून काय व्हनार? दिस माझा हाय का? ज्याचा हाय त्याला इचारा."

"शेठ..."

"तुमी बंद केलात त्याला. तुमीच इचारा."

मी सुनीताकडे बघितलं. तिने मान खाली घातली. मी रस्ता ओलांडला. ती गल्ली ओलांडायला तीन पावलं लागतात. त्या दिवशी ती संपेनात. शटरवर मी चिकटवलेल्या कागदाच्या डिंकाचा चौकोनी डाग अजून होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले. टाळेबंदीतली ती शांतता मला पुन्हा ऐकू आली. त्या शांततेत मी हळू बोललो असतो तरी सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असतं.

"हनीफभाई," मी म्हणालो, "आज बाळारामशेठना दुकान उघडू द्या."

आत भांड्याला भांडं लागल्याचा बारीक आवाज झाला. ऊन शटरवर आलं होतं, पत्रा तापला की रचलेली भांडी सरकतात, उंदीरही असतात. हे सगळं मी तेव्हाही मनात म्हटलं. मी तसाच मागे वळलो.

"काय म्हनला?" शेठनी विचारलं.

"उघडा म्हणाले."

शेठनी माझ्याकडे टक लावून बघितलं. "खोटा बोलताव सायेब. त्यानं मला आयुष्यात काय फुकट दिलं न्हाय. बदल्यात काय मागितला?"

नाक्यावरून मोटार वळताना दिसत होती.

"उद्याचा दिवस," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हां. आता बरोबर. आता तोच बोलला." ते उठले, किल्ल्या काढल्या आणि शटर असं वर ढकललं की सुनीता दचकून मागे सरली. अधिकाऱ्यांना त्यांनी खुर्ची पुसून दिली, हंड्यांचे प्रकार समजावले, बँकेच्या साहेबांच्या मुलीचं नाव एका पेल्यावर घालून दिलं. वीज नव्हती म्हणून ते छिन्नीने घातलं. सुनीता मध्येच "मामा, मशीन..." म्हणाली आणि गप्प बसली. कर्ज मंजूर झालं.

दुसऱ्या दिवशी विषम तारीख होती, त्यांची स्वतःची. तरी त्यांनी दुकान उघडलं नाही. रोजच्या वेळेला आले, पण आपल्या पायरीवर न बसता पलीकडे गेले आणि हनीफभाईंच्या शटरला पाठ टेकून बसले. चहावाल्याने त्यांना तिथे चहा दिला. तो सांगतो, शेठ त्या दिवशी ओरडत नव्हते. हळू आवाजात बोलत होते, शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं. दुपारी सुनीता डबा घेऊन आली तेव्हा ते तसेच बसलेले होते, पण अंग गार झालेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका, फार त्रास झाला नसावा.

दुकान आता रोज उघडं असतं. गल्ला सुनीता सांभाळते, कर्जाचे हप्ते वेळेवर जातात. लोक पुन्हा त्या गल्लीतून निर्धास्त जातात. मागच्या आठवड्यात तिने मला विचारलं, "काका, त्या दिवशी मामांनी काय मागितला म्हणून विचारलं, तेव्हा माझं लक्ष नाक्यावरच्या मोटारीकडं होतं. मला नीट ऐकू आलं न्हाय. काय म्हणालात तुम्ही?" मी तिला म्हणालो, आता आठवत नाही.

आठवतं. मी काहीही सांगू शकलो असतो. हनीफभाईंनी एक हंडा मागितला म्हणालो असतो, माफी मागितली म्हणालो असतो, तरी शेठनी शटर उघडलं असतं. वळेपर्यंत माझ्या मनात काहीच ठरलेलं नव्हतं. 'उद्याचा दिवस' हे दोन शब्द माझ्या तोंडी कुठून आले, हे मला आजही सांगता येत नाही.