पाणी येतं का?

पुण्यात घर बघायला गेलेला माणूस चपला काढायच्या आधी एक प्रश्न विचारतो: पाणी येतं का? सत्यशीलानेही तोच विचारला, आणि एका शब्दाच्या घोटाळ्यात बुडता बुडता वाचली. मी शेजारीच उभी होते, म्हणून सांगते.

सत्यशीला माझी भाडेकरू. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर माझं घर, लिफ्ट नाही. भाडेकरूला मी पहिल्याच दिवशी सगळे नियम ऐकवते. तिने ते ऐकून घेतले आणि शांतपणे विचारलं, “काकू, आणखी काही राहिलं का?” तेव्हाच ती मला आवडली. ती बुलढाण्याकडची. इथे डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. दिवसभर काचा बदलत “हे बरं, की मगाशीचं?” विचारायचं, हीच तिची नोकरी. घरी आमटीत मीठ घातल्यावरही ती मला चमचा पुढे करून तेच विचारते.

तिचे वडील रंगराव हे एसटीतले निवृत्त कंडक्टर. आई गेल्यापासून गावी एकटेच. कंबरेचं हाड मोडलं तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. शेजारचं कुटुंब त्यांचं सगळं बघायचं, पण पावसाळ्याच्या तोंडावर तेही मुलाकडे नागपूरला निघालं होतं. म्हणजे बाबांना पुण्यात आणायचं, आणि तेही तळमजल्यावरच. माझे जिने चढायला लागले असते तर ते वर येऊन पुन्हा कधी खाली उतरले नसते.

पहिलं घर केदार नावाच्या एजंटाने दाखवलं. नदीच्या बाजूला, हवेशीर, खुर्ची सहज वळेल एवढं ऐसपैस स्वयंपाकघर. सत्यशीलाचा चेहरा खुलला.

“पाणी येतं का?”

“ताई, पाण्याची चिंताच सोडा. भरपूर!”

तिने तिथूनच वडिलांना फोन लावला. त्यांच्या गावात नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी येतं, आणि आलं की गल्लीभर आरोळी उठते. फोनमधला रंगरावांचा आवाज मला लांबूनही ऐकू आला. “भरपूर? खरं सांग वं! मंग घेऊन टाक ना, वाट काऊन पाहून रायली?”

निघताना जिन्याखालच्या विजेच्या मीटरांकडे तिची नजर गेली. सगळे मीटर हात पोचणार नाही इतके वर, जवळजवळ छताला टेकलेले. समोरच्या दारात एक बाई मेथी निवडत बसल्या होत्या.

“मीटर एवढे उंच का हो?” सत्यशीलाने विचारलं.

“पाणी येतं ना.”

“हो, भरपूर येतं म्हणाले.”

“भरपूरच. मागच्या खेपेला माझ्या फ्रिजच्या हँडलपर्यंत आलं होतं,” बाई म्हणाल्या आणि पुढची जुडी सोडवायला घेतली.

केदारला त्याच क्षणी एक अत्यंत महत्त्वाचा फोन आला.

आम्ही घरी आलो. मी चहा पुढ्यात ठेवला तेव्हा सत्यशीला म्हणाली, “काकू, मी दवाखान्यात असताना पाणी चढलं, तर बाबांना खुर्चीसकट वर कोण नेईल?”

धरणातून पाणी सोडलं की आम्ही पेठेतले लोक पुलाकडे ते बघायला जातो आणि “यंदा काही खास नाही” असं म्हणत परत येतो. पाणी म्हणजे मला फुकटचा तमाशा. आता त्या पाण्यात मला एक चाकाची खुर्ची दिसायला लागली. मी म्हटलं, “आधी पाणी कुठल्या वाटेने येतं-जातं ते बघू, मग घर.”

आणि खरं सांगते, निवृत्तीनंतर इतकी मजा मला कधी आली नव्हती! घरं बघायचा रविवार कधी उजाडतो असं व्हायचं. शहराच्या नकाशावर पुराच्या दोन रेषा असतात. निळीच्या आत नदी अधूनमधून येते, लाल रेषेपर्यंत क्वचित, मोठ्या पुरातच. सत्यशीलाने तो नकाशा मोबाइलवर घेतला. मी म्हटलं, लालच्या बाहेरचं घर धरू, संपला विषय. तर म्हणाली, “काकू, रेषा जुन्या आहेत. आता महिन्याचा पाऊस एका दुपारी पडतो. जुन्या नंबराच्या चष्म्यातून नवा पाऊस कसा दिसेल?” मी माझा हट्ट सोडला. असं फार कमी वेळा होतं.

विश्रांतवाडीच्या पुढे एक छान घर मिळालं, दोन्ही रेषांच्या बाहेर. मागे जाऊन बघतो तर ओढ्यावर फरशा टाकून त्यावर गाड्या लावलेल्या. ओढ्याला कोणी विचारलं होतं की नाही, देव जाणे. आम्ही परत फिरलो. एजंट हॉल दाखवायला ताटकळत उभे राहायचे, आणि आम्ही दोघी मीटरांखाली माना वर करून!

मग बिबवेवाडीत, चढावरच्या एका सोसायटीत तळमजला मिळाला. मीटर कमरेएवढ्या उंचीवर, इमारत बांधली तेव्हापासून तिथेच. जिन्याखालचं प्लायवूडचं जुनं कपाट तळाशी जराही फुगलेलं नव्हतं. माझं समाधान झालं होतं. सत्यशीलाचं नाही. तिने वॉचमनकडून बादली मागितली, भरली, आणि फाटकात उपडी केली.

सोसायटीचे सेक्रेटरी दत्तप्रसाद गॅलरीतून म्हणाले, “बाई, आमच्याकडे पाणी बादलीतून वापरायची पद्धत आहे. ओतायची नाही.”

“एकच मिनिट, काका!”

पाणी क्षणभर उंबऱ्याशी घुटमळलं. मग वळलं, रस्त्याला लागलं आणि उताराने जे धावत सुटलं! दुसरी बादली तिने मागच्या भिंतीशी ओतली. तीही गटाराच्या वाटेने बाहेर पडली. “काकू, गेलं! गेलं!” सत्यशीला नाचत होती. मी सहासष्ट वर्षांची बाई भर रस्त्यात टाळ्या वाजवत होते. दत्तप्रसादही चप्पल घालून खाली आले आणि पाणी कुठवर गेलं ते वाकून बघायला लागले.

“हे बरं, की मगाशीचं?” मी विचारलं.

“हेच! हेच!”

जुलैत रंगराव आले. नव्या घरात दूध उतू घालायच्या दिवशी मीही गेले होते. दुपारपासून पाऊस असा कोसळत होता की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. सत्यशीला पुऱ्या वाढताना दर दोन पुऱ्यांनी खिडकीशी जात होती. एवढ्यात आतून रंगराव ओरडले, “पानी आलं! पानी आलं वं, धावा!”

ताट तिच्या हातून पडलं. ती अनवाणीच दाराकडे धावली, मागे मी. बाहेर रस्ता खळाळत उताराला लागला होता, अगदी बादलीचं पाणी गेलं होतं त्याच वाटेने. आमची पायरी कोरडी होती. मग आम्ही आत धावलो.

रंगराव न्हाणीघरात, खुर्चीत बसून, वाहत्या नळाखाली हात धरून होते. “बादल्या आना, गुंड-घागरी आना! उभ्या काऊन?”

सत्यशीला भिंतीला टेकली आणि हसता हसता रडायला लागली. मग त्यांच्याजवळ खाली बसली. “बाबा, हे उद्याही येतं.”

“उद्या?”

“रोज येतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, विनातिकीट प्रवाशाकडे पाहावं तसं. मी मान हलवली, खरंच येतं म्हणून.

“रोज,” ते स्वतःशीच म्हणाले. मग हळूच नळ बंद केला आणि खुर्ची वळवली.

“मंग आज कायले भरता? चला, पुऱ्या थंड्या होऊन रायल्या.”