स्वच्छ केलेली गिटार

सदर इसम श्रवणयंत्रांच्या विक्री व दुरुस्ती केंद्रात तंत्रज्ञ या पदावर कार्यरत असून बांधा मध्यम, केस असल्यास विरळ. विवाह: विचाराधीन होता. वाद्य वाजवता येते काय: नाही. संगीतरचना करतो काय: होय.

विसंगतीचा खुलासा असा, की संगणकावर हल्ली वाद्य यावं लागत नाही. कुणीतरी कुठेतरी गिटारीचा एकेक सूर वाजवून ध्वनिमुद्रित केलेला असतो. आपण ते सूर कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवायचे आणि हवे तसे जोडायचे. या तंत्रज्ञाने अशा शांत, कुणालाही त्रास न देणाऱ्या पुष्कळ धुना जोडल्या होत्या. त्या कुणी ऐकल्या नव्हत्या, त्यामुळे त्रासाचा प्रश्नच नव्हता.

खरी गिटार वाजवायचे ते त्याचे वडील. एका हॉटेलात, कोपऱ्यात, जेवणाऱ्यांच्या पाठीमागे. मालकाची सूचना एकच: लोकांचं बोलणं थांबता कामा नये. ती त्यांनी इतकी मनापासून पाळली की वेटर त्यांना ‘कोपरा’ म्हणायचे, आणि ते काम सोडून गेल्याचं मालकाला बऱ्याच उशिरा कळलं. पुढे हाताला कंप सुटला. धून जमेना. एका वेळी एक तार छेडणं तेवढं जमत होतं, आणि तेही फार दिवस नाही, हे डॉक्टरांनी सांगायचं टाळलं तेव्हाच कळलं.

मुलाला वाटलं, तेवढं पुरे आहे. बाबांचा एकेक सूर घेऊन ठेवायचा. मग हात राहिला काय नि गेला काय, आईला बाबांची गिटार ऐकवता येईल.

पंखा बंद, खिडक्या बंद, गाद्या भिंतीला टेकवलेल्या. बापलेक घामाघूम.

“एकेक सूर कसला काढून घेतोस? भाजी निवडतोयस का?”

“बाबा, बोलू नका. रेकॉर्ड होतंय.”

“हॉटेलात अख्खं गाव बोलायचं, तेव्हा कुणाचं काही अडलं नाही.”

“बाबा.”

“बरं, चिरंजीव.”

वडिलांना एक खोड होती. तार छेडण्याआधी ते नाकातून ‘हं’ करायचे, जणू तिची परवानगी घेतायत. शिवाय बोट सरकलं की तार करकरायची.

“ते हं हं पण येतंय का रे त्यात?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं. “मला बघायला आले तेव्हा वाटलं, सर्दी झालीये. अजून उतरलेली नाही!”

तिघेही हसले. मुलाने ती तक्रार समजून लक्षात ठेवली.

दुकानात त्याचं कामच ते होतं. म्हातारी माणसं येऊन सांगायची की यंत्रात नुसता गोंगाट येतो, आणि हा तो काढून द्यायचा. हात बसलेला. त्याने सगळे सूर एकदम निवडले, हुंकार आणि करकर हा गोंगाट आहे असं सॉफ्टवेअरला दाखवलं आणि सगळीकडून पुसायला सांगितलं. मूळ फायलींवरच लिहू का, असं सॉफ्टवेअरने विचारलं. इतक्या अदबीने त्याला दुकानात कुणी काही विचारत नसे. तो हो म्हणाला.

वडील गेले. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरल्यावर तो धून करायला बसला. संथ, मऊ, कोपऱ्यात शोभेल अशी. पूर्ण करून ऐकली. गिटार निर्दोष होती. सॉफ्टवेअरबरोबर फुकट आलेली गिटारही अशीच निर्दोष होती. डोळे मिटून दोन्ही ऐकल्या. बाबांची कुठली, ते सांगता येईना.

पुसलेलं परत आणून देणाऱ्या एका माणसाकडे तो कॉम्प्युटर घेऊन गेला. “साहेब, फाईल नुसती पुसली असती तर काढून दिली असती,” तो माणूस म्हणाला. “तुम्ही तिच्या डोक्यावर दुसरी बसवलीत.”

सॉफ्टवेअरमध्ये जुनाटपणाचं एक बटण असतं. ते फिरवलं की हवी तेवढी खरखर मिळते. त्याने ते थोडं फिरवलं आणि आईच्या कानांना हेडफोन लावला.

आईने शेवटपर्यंत ऐकलं. मध्येच एकदा मानही डोलावली.

“छान आहे. मागे काहीतरी खरखरतंय, तेवढं बघ.”

“बघतो.”

“कुणी वाजवलंय कोण जाणे, पण गोड हात आहे. ह्यांना आवडलं असतं.” तिने हेडफोन काढून त्याच्या हातात दिला. “आणि ह्यांचं घेतलेलं कधी ऐकवतोस?”

“चाललंय,” तो म्हणाला.

सदर रचना सध्या केंद्राच्या प्रतीक्षालयात कामकाजाच्या वेळेत अखंड वाजवण्यात येते. मालकाला तिथे काहीतरी शांत हवं होतं. तिथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना ती ऐकू येत नाही.