रॉकेलचं फडकं

किसनराव तायड्यांनी आयुष्यभर सरकारी जीप हाकली, ती मात्र मालकाच्या ऐटीत. अकोल्यात साहेब बदलत गेले, जीपही बदलल्या. किसनरावांचं फडकं तेवढं बदललं नाही. सकाळी चहाच्या आधी फडक्यावर थोडं रॉकेल घ्यायचं आणि गाडी अशी पुसायची, की साहेबानं बॉनेटमध्ये पाहून भांग पाडावा. रॉकेलनं गाडी चमकते अशी तमाम ड्रायव्हर मंडळींची श्रद्धा असते. किसनराव त्यातले सगळ्यात कडवे. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मारुती घेतली आणि अकोट फैल वस्तीतल्या अय्युब पेंटरकडून रंगवून घेतली. रंग कोणता, हे अय्युबनं विचारलंच नाही. गाडी निळी झाली.

तो दोन हजार सहाचा हिवाळा. त्या वर्षांत वऱ्हाडाचं नाव पेपरात आलं की आत बातमी काय असणार, हे माणूस न वाचताच ओळखायचा. किसनरावांचा नांदगाव खंडेश्वरचा साळा वामनराव शिवारातल्या आणखी एका आत्महत्येचं सांगायला लागला की घरातले चहा प्यायचं विसरत. अशा दिवसांत किसनरावांची मुलगी प्रियदर्शनी जनावरांची डॉक्टर झाली आणि तिला सरकारी नेमणूकही मिळाली. त्यांच्या बायकोनं, ललिताबाईंनी, गल्लीभर पेढे वाटले. मग कोणीतरी विचारलं, पोस्टिंग कुठं? धारणी, असं पोरगी म्हणाली आणि किसनरावांच्या तोंडातला पेढा तिथंच थांबला. मेळघाटातले ते रस्ते त्यांनी जीपनं तुडवले होते. घाट, धुकं, वाटेत उभं राहिलेलं अस्वल, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आणि तिथं आपली पोरगी एकटी राहणार!

नाही म्हणायची मात्र सोय नव्हती. पोरीला शिकवा म्हणून दुसऱ्यांना सांगत फिरलेला माणूस हा. तेव्हा त्यांनी बेत आखला की काळीपिवळी जीपला लटकत जायचं नाही, आपली मारुती घेऊन जायची. पण आधी गाडी हिवाळ्यासाठी तयार झाली पाहिजे. सोमवारी हजर व्हायचं होतं, हाताशी आठवडा होता. प्रियदर्शनीनं मान डोलावली.

अय्युबनं मनावर घेतलं. मेळघाटात रात्रभर दव पडतं, त्यावर घाटातली धूळ बसते आणि तो लेप नव्या रंगाला खातो, असं त्यानं समजावलं. उपाय असा, की आधी सीलंटचा हात मारायचा आणि तो रात्रभर मुरू द्यायचा, मग दुसरा हात, आणि वरून मेणाचं पॉलिश. मग पाण्याचा थेंब टाकून पाहायचा. मोत्यासारखा उभा राहिला तर गाडी पास. पसरला, तर पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी पहिला हात मारून त्यानं बजावलं, की यावर रॉकेल लावायचं नाही, सगळं उतरून येईल. किसनरावांनी हो हो म्हटलं. पण हात थोडाच ऐकतो! दुसऱ्या दिवशी पहाटे तो आपला आपण फडक्याकडे गेला आणि किसनराव जागे होईपर्यंत अर्धी गाडी पुसून झाली होती.

अय्युबनं येऊन थेंब टाकला. थेंब पसरला.

किसनरावांना कारण कळलं, आणि ते सांगायला त्यांनी तोंडही उघडलं. तेवढ्यात प्रियदर्शनी म्हणाली, की मग आज बॅग भरत नाही. उघडलेलं तोंड किसनरावांनी मिटून घेतलं. एवढंसं फडकं आणि त्याच्यात एवढी ताकद!

त्यानंतर मात्र हाताचा काही दोष नव्हता. संध्याकाळी अय्युब थर चढवायचा, पहाटे किसनराव तो उतरवायचे आणि दिवसभर दोघं मिळून हळहळायचे. अय्युबची झोप उडाली. सीलंटचा डबा नकली निघाला म्हणून त्यानं दुकानदाराशी भांडण केलं आणि नवा डबा आणायला थेट अमरावती गाठली. इकडे ललिताबाई स्टोव्ह हलवून पाहत आणि रॉकेल एवढं कसं सरतं म्हणून रेशनवाल्याला शिव्या घालत. हा माणूस तिघांच्या मधे बसून पोहे खात होता आणि वर मीठ कमी आहे म्हणत होता!

शुक्रवारी पहाटे प्रियदर्शनी अंगणात आली. वडील बॉनेटवर वाकलेले होते. फडक्याचा वास लपण्यासारखा नव्हता. मग तिनं त्यांच्या हातातलं फडकं घेतलं.

"बाबा, थंडी गाडीले लागन म्हनून थांबले, का मले?"

मोठमोठ्या साहेबांना थापा मारलेला माणूस, पण पोरीपुढे एक थाप सुचेना.

"तिथं तू एकटी राहाशीन," ते म्हणाले. "मले भेव लागते."

"मलेई लागते. पन जायचं तं हायच."

तिनंही भीती कबूल केली, हे ऐकून किसनरावांना आतून गलबलून आलं आणि का कोण जाणे, थोडं हलकंही वाटलं. इतके दिवस भीती आपण एकटेच सांभाळतो आहोत, असा त्यांचा समज होता.

अय्युबपुढे जाणं त्याहून अवघड होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "किसनभाऊ, मी त्या दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या. त्याले आता काय सांगू?" शिक्षा त्यानं तिथंच सुनावली. सगळे थर किसनरावांनी स्वतःच्या हातानं द्यायचे आणि दुकानदाराकडे माफी मागायला सोबत यायचं. शुक्रवार आणि शनिवार अय्युब अंगणात खुर्ची टाकून, चहा मागवत, इकडं राहिलं, तिकडं राहिलं, असं ओरडत बसला. रविवारी मेणाचा हात फिरला. अय्युबनं थेंब टाकला. थेंब उभा राहिला आणि उतारावरून झरकन घरंगळला. ललिताबाईंनी टाळी वाजवली. किसनराव त्या थेंबाकडे पाहून हसले, आणि त्यांचे डोळेही भरून आले. दोन्ही एकदमच झालं.

सोमवारी पहाटेच गाडी निघाली. प्रियदर्शनी चालवत होती आणि किसनराव जन्मात पहिल्यांदा डावीकडे बसले होते. परतवाडा सोडून घाट लागल्यावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. एका वळणावर तिनं ट्रकला वाट देऊन गाडी इतकी अलगद काढली, की ते विसरून "वा, साहेब" म्हणून गेले.

रात्री ते तिच्या क्वार्टरवर राहिले. सकाळी पाहतात तर साऱ्या गाडीवर दवाचे थेंब उभे, एकही पसरलेला नाही. त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

मारुती पोरीकडेच ठेवून किसनराव एसटीनं परत निघाले. एसटी सुटायच्या वेळी प्रियदर्शनीनं खिडकीतून घडी केलेलं फडकं त्यांच्या हातात दिलं. ते तेच होतं.

"धुतलं म्यानं. मी घरी आली की कोरड्यानं पुसजा, बाबा. गाडीले दुसऱ्या कोनाचा हात लावू देनार नाई."

एसटी सुटली. हरिसाल मागे पडेपर्यंत किसनराव ताठ बसून होते. मग त्यांनी घडी उघडून फडकं नाकाशी धरलं. साबणाचा वास येत होता, आणि त्याच्या खाली रॉकेलचाही. तो काही पुरता गेला नव्हता.