अंगणात उतरलेलं वजन

मी शिक्रापूरला एका कारखान्यात मापयंत्रं तपासायच्या खोलीत काम करते. दुसऱ्यांनी मापलेलं बरोबर आहे का, ते तपासायचं, एवढंच माझं काम. वजनकाटे, गेज, मीटर आमच्याकडे येतात. आम्ही ते खात्रीच्या मापांशी ताडून बघतो, चुकत असतील तर बाजूला काढतो. आईला हे काही केल्या समजावता आलं नाही. भांडगावात ती सगळ्यांना सांगते, "आमची पोरगी काट्यांची डाक्टरीण हाय."

मागच्या वर्षी काकूचे गुडघे धरले. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, रोज चाला. पुढच्या रविवारी गावी जाताना मी तिच्यासाठी एक इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आणि गाडीच्या पुढ्यात ठेवून चौफुल्याच्या रस्त्याने घरी नेला. पुढच्या खोलीत फरशीवर ठेवला. काकूनं चप्पल काढली, काट्याला हात जोडले आणि वर चढली. आकडे थोडे नाचले आणि एकोणऐंशीवर थांबले.

"ह्यो साडीचं बी वजन धरतो का?" काकूनं विचारलं.

"धरतो की."

"मंग साडीचं वजा करून सांग."

आमचे चुलत आजोबा खाटेवरून बघत होते. आमच्या घरात मेंढरं होती तेव्हाची, नुसतं बघून वजन सांगणारी त्यांची नजर अजून शाबूत आहे. "आबा, तुम्ही पण चढा," मी म्हणाले.

"बोकडाला चढवत्यात वजनावर," ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

त्यानंतर कामामुळे तीन आठवडे मला घरी जाता आलं नाही. गेले, तर काकू फाटकातच उभी.

"साडेपाच किलो उतरलं!"

"तीन आठवड्यात? जेवण सोडलंत काय काकू?"

"कशाला सोडू? पोळीवर तूप बी घेते. रोज सकाळी कालव्यापातूर चालत जाते, बास."

एवढ्यात आई बाहेर आली. तिचंही चार किलो कमी झालं होतं. शेजारणीचं पाच, पलीकडच्या मावशींचं साडेचार. सगळी आळीच वाळत चालली होती. सगळ्याजणी आलटून पालटून काट्यावर चढायच्या आणि खुशीत घरी जायच्या. पण आई कालव्यापर्यंत सोडाच, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा चालत जात नाही, हे मला माहीत होतं. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"काटा कुठं ठेवलाय?"

"अंगणात. बायका कांद्याच्या वावरातनं चिखलाच्या पायानं येत्यात, माझी फरशी घाण व्हती," आई म्हणाली.

कडुलिंबाखाली ताज्या सारवलेल्या मऊ जमिनीत काटा छान रुतून बसला होता. मी काकांना युरियाचं न फोडलेलं पोतं आणायला सांगितलं. पोत्यावर पंचेचाळीस किलो छापलेलं होतं. आम्ही ते काट्यावर उभं केलं, तर आकडे पोत्याखाली झाकले गेले. शेवटी मी जमिनीवर आडवी झाले आणि मोबाईलच्या उजेडात वाचलं. एक्केचाळीस. तेच पोतं आत फरशीवर ठेवलं, तर पंचेचाळीसच्या जरासं वर.

अंगणात जमलेल्या बायकांना मी काटा उलटा करून दाखवला. "हे चार पाय बघा. वजन ह्या पायांनाच कळतं. जमीन मऊ, म्हणून पाय आत गेले आणि काट्याचं पोट जमिनीला टेकलं. मग तुमचं थोडं वजन पायांवर आलं आणि थोडं पोटावर. पोटाला वजन कळत न्हाई."

"म्हंजी उरलेलं जमिनीनं उचललं?" शेजारीण म्हणाली.

"व्हय."

"मंग उचलू दे की! आपल्या अंगावर कुठं राह्यलं?"

सगळ्या हसल्या. काकू तेवढी हसली नाही. ती उठून आत गेली. कारखान्यात मी रोज कुठलं ना कुठलं यंत्र नापास करते, पण त्यामुळे कुणाचं तोंड उतरलेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, कशाला शहाणपणा केला? बाई आनंदात चालत होती.

"आण त्यो काटा आत!" काकूची हाक आली.

फरशीवर काट्यानं साडेसत्त्याहत्तर दाखवलं.

"म्हंजी माझं चार किलो तू खाल्लंस."

"मी न्हाई, काट्यानं."

"काटा कुणी आणला?" मग तिनं आकडा पुन्हा वाकून बघितला. "आन् ह्ये दीड किलो? ह्ये तरी खरं हाय का?"

"खरं हाय."

"आन् गुडघा कमी दुखतोय, त्ये?"

"त्याला माझ्याकडं काटा न्हाई, काकू. ते तुम्हीच सांगायचं."

तिनं गुडघा दोनदा वाकवून बघितला आणि म्हणाली, "दुखतोय, पर कमी."

काकांनी दुपारी कडुलिंबाखाली शहाबादी फरशी बसवली. मी पाणसळ लावून ती सपाट करून दिली. संध्याकाळपर्यंत आळीचं गेलेलं वजन ज्याचं त्याला परत मिळालं. दोघीतिघींनी काट्याशी बोलणंच सोडलं. आई म्हणाली, "मला आधीच संशय हुता," आणि चार किलोचं नावही पुन्हा काढलं नाही.

सगळ्या गेल्यावर काकू माझ्याकडे वळली. "चढ."

"मला कशाला?"

"चढ म्हणते ना!"

चढले. कारखान्याच्या कँटीनचा भात आणि दिवसभराची खुर्ची, दोन्ही त्या आकड्यात होतं. मी "साडीचं" असं म्हणायला तोंड उघडलं, पण अंगात पंजाबी ड्रेस होता.

काकूनं आकडा मोठ्यानं वाचला, सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मग म्हणाली, "सकाळी कालव्यावर येती का?"

दुसऱ्या दिवशी माझी दुपारची पाळी होती, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. काकू पदर खोचून पुढं निघाली. पहिल्या पुलापर्यंत मी तिच्या बरोबरीनं होते. पुढं तीच मागं वळून वळून माझी वाट बघत होती.